आक्काला काय ऐकू आलं

आष्टी, ता. परतूर
रविवार, ३ ऑगस्ट २०२५

राजा,

ते पत्र तुहं न्हाई. कुणाला येड्यात काढून राह्यले तुम्ही? टाइप केलेला कागद, वर "प्रिय आक्का", खाली "तुझा भाऊ राजानंद", आन मधी सगळं शाळेच्या पुस्तकासारखं. "मी येथे सुखरूप आहे." आपल्या घरात कोण म्हणतं येथे? तू एकेचाळीस वर्षांचा झालास, एकदाबी येथे म्हणला न्हाईस. म्हणला असतास तर मलाच ऐकू आलं असतं. दुसऱ्या कुणाला ऐकू येतं?

हे अक्षताचं काम हाये. तुह्या दादानं, रामकिसननं, पोरीला कॉम्प्युटर शिकवलं ते आपल्याच घरात चालवायला. भुजंगभाऊ रविवारच्या सुट्टीला जालन्याहून येताना कागद घेऊन आला तर म्हणतो, "चांगुणाबाई, राजानं स्वतः बोलून लिहिलंय. तो बोलतो, फोन ऐकतो, आन फोनच लिहितो." मी म्हणलं, भुजंगभाऊ, तुम्ही बियाण्याच्या कारखान्यात पोते शिवता ना, तेवढेच शिवा.

जन्मल्यापासून तुही जीभ वळत न्हाई, हात वळत न्हाई. आईला कळत नव्हतं तू काय म्हणतो ते. बाला कळत नव्हतं. मी बारा वर्षांची होते, मला कळत होतं. तवापासून डॉक्टर असो, तलाठी असो, माणूस बसतो तुह्यासमोर आन तोंड करतो माह्याकडं. "काय म्हणतो गं राजा?" मंग मी सांगते. आता म्हणे फोन सांगणार.

आन त्या फोनाला शिकवलं कुणी? मीच! दोन दिवाळ्या झाल्या, अक्षता आल्ती. तू बोलायचास, ती फोनात भरून घ्यायची, मंग मला विचारायची, "आत्या, काका काय म्हणाले?" पंधरा दिवस मी सांगत बसले. कापूस वेचायचा सोडून. मला वाटलं पोरीचा कॉलेजचा अभ्यास हाये, आपल्या तोंडाचं काय जातं. मला काय म्हाईत, मी माह्याच जागेवर दुसरं माणूस बसवून राह्यले.

रामकिसननं एक महिना म्हणून तुला जालन्याला नेलं. दोन होऊन गेले. तुही दाढी कोण करतं? भाकर चुरून कोण देतं? चहा बशीत वतून, फुंकून, हनुवटीखाली पदर धरून कोण पाजतं? का तेबी फोनच करतो?

मी फोनवर बोलणार न्हाई. त्या मशीनसंगं माहं भांडण हाये. लिहायचं तर लिही. पण पत्र बराबर तुहंच असंल तर त्यात असं काही पाहिजे जे मला आन तुलाच म्हाईत हाये. न्हाई तर मी येऊन तुला उचलून आणीन.

चांगुणा


जालना
१० ऑगस्ट

प्रिय आक्का,

पत्र माझंच आहे. "येथे" मी म्हणालो नव्हतो, मी इथं म्हणालो होतो. या मशीनला पुस्तकी मराठी जास्त येते. मी न्हाई म्हणतो, ते नाही लिहितं. अक्षता म्हणाली, दुरुस्त करून देते. मी म्हणालो, राहू दे, एकदा तरी मी शिकलेला दिसेन.

कसं झालं ते सांगतो. अक्षताच्या कॉलेजमधल्या सरांनी सतराशे वाक्यं दिली. रोज तीस-चाळीस मोठ्यानं वाचायची. गाय चरत आहे. पंखा बंद करा. माझ्या मामांचे दुकान चौकात आहे. आपल्याला मामा नाही, तरी म्हणालो. सुरुवातीला मशीन काहीच्या काही लिहायचं. मी पाणी म्हणालो की ते दुसऱ्याच गावाला जायचं. मग हळूहळू माझ्या जिभेची वळणं त्याला कळायला लागली. आता दहात आठ शब्द बरोबर येतात. थकलो की सहा. चुकलेले मी परत म्हणतो. हे एवढं पत्र लिहायला मला पूर्ण दुपार लागली आहे. पण आक्का, आयुष्यातली ही पहिली दुपार, की मी काय म्हणालो ते मला कागदावर दिसलं.

तुला खूण पाहिजे. घे.

मी सात वर्षांचा होतो. तू मला पाठुंगळी घेऊन ओढ्याकडं गेली होतीस. चिंचा पाडायला मला बांधावर ठेवलंस, मी घसरलो आणि हनुवटी फुटली. घरी येऊन तू सांगितलंस, बकरीनं ढकललं. बानं बकरी विकली. मी तीन दिवस ओरडून सांगत होतो, बकरीनं नाही, आक्कानं. आई तुलाच विचारायची, काय म्हणतो गं? तू म्हणायचीस, दुखतंय म्हणतो.

पटली खूण?

दाढी दादा करतो. कापतो, पण करतो. भाकर मीनावहिनी चुरून देतात. मला वर्षावास संपेपर्यंत, म्हणजे आश्विन पौर्णिमेपर्यंत, इथं राहू दे. इथल्या विहारात रोज ग्रंथवाचन असतं. परवा एक पान मी वाचलं. मी बोलायचो, फोन मोठ्यानं सांगायचा. एक पान संपायला पाऊण तास लागला, पण उठून कुणी गेलं नाही.

आणखी एक गोष्ट आहे. गेल्या वर्षीची. ती भेटल्यावर बोलू.

तुझा
राजानंद


आष्टी
रविवार, २४ ऑगस्ट

राजा,

बकरीचं खरं हाये. पण बकरी म्हातारी झाल्ती, बा ती विकणारच होता.

आता गुरुवारचं ऐक. मी पहाटपासून उठून तुह्यासाठी धपाटे केले, दोन गाड्या बदलून जालन्याला आले, रामकिसनच्या घरात पाय ठेवला आन तुह्यासमोर बसले. तू तोंड उघडलंस. मला बराबर कळलं, तू म्हणला, आक्का, गाडी किती वाजता निघाली? आता माही सवय तुला म्हाईत हाये. तू बोललास का मी ते मोठ्यानं सांगते, मलाच विचारलेलं असलं तरी. तर मी तोंड उघडस्तोवर तो फोनातला गडी बोलून मोकळा! बसस्टँडवर गाडी लागल्याचं सांगतात तसा आवाज. "आक्का, गाडी किती वाजता निघाली." आन सगळे हसले. रामकिसन हसला. मीना हसली. तू हसलास. मी न्हाई हसले.

मीना म्हणते, "वन्सं, आता तुम्हाला आराम." आराम! मला कुणी मागितला आराम? मी काय दवाखान्यात पडल्ते का?

दुसऱ्या डावाला मी जल्दी केली. तू अर्धं बोललास का मी पुढचं सांगून टाकलं, "म्हणतो, आता आक्कासंगं घरी चलायचं." तू मान हलवायला लागलास. आन तो गडी म्हणला, "मला अजून राहायचं आहे." मंग झालं. सगळे त्या फोनकडं बघायला लागले. देवासारखा मधी ठेवलेला. माह्याकडं कुणी बघितलं न्हाई. जेवताना मी तुला घास द्यायला हात पुढं केला तर तू फोनला काहीतरी म्हणलास आन फोन मला म्हणतो, "वहिनी देतील. तू जेव." वहिनी देतील! तीस वर्षं ह्या हातानं खाल्लंस.

मी दुपारच्या गाडीनं निघून आले. धपाटे कुणी खाल्ले का न्हाई मला म्हाईत न्हाई.

आता भुजंगभाऊ सांगून राह्यला का तुमचा फोन सापडत न्हाई. मला काय म्हाईत? वस्तू ठेवायला जागा लागती. तुमच्या घरात चार माणसं, चार ठिकाणी हात. सापडंल तवा सापडंल. न्हाई सापडला तर आक्का हाये. आता कळलं असंल, आक्का लागती का न्हाई ते.

चांगुणा


जालना
३१ ऑगस्ट

आक्का,

फोन ज्वारीच्या पिठाच्या डब्यात सापडला. गेल्या रविवारी सकाळी, वहिनी भाकरी करायला बसल्या तेव्हा. त्या डब्याजवळ गुरुवारी दुपारी "पाणी पिते" म्हणून कोण गेलं होतं, ते मी पाहिलं होतं. तेच मी तीन दिवस घरच्यांना सांगत होतो. कुणाला कळलं नाही.

अक्षता परीक्षेला संभाजीनगरला गेली होती. माझा आवाज ओळखणारं ते मशीन त्या एकाच फोनात आहे. म्हणजे मी परत पहिल्यासारखा. माझ्या बनियनला लावलेली पिन उघडी पडली होती आणि पाठीत टोचत होती. मी सांगत होतो. वहिनी पाणी आणत होत्या. मी परत सांगत होतो. दादा पंखा वाढवत होता. मी रडलो तर दादा म्हणाला, आक्काची आठवण येत असेल. दीड दिवस ती पिन तशीच होती. अंघोळीला सदरा काढला तेव्हा त्यांना रक्त दिसलं.

तू असतीस तर दोन मिनिटांत काढली असतीस. हेच तुला दाखवायचं होतं ना? बघ, दिसलं.

आक्का, तो फोन म्हणजे माझं तोंड आहे. तू माझ्या तोंडात पीठ कोंबलंस.

मला तुझ्याशी भांडायचं नव्हतं. पण आता गेल्या वर्षीची गोष्ट लिहितो, कारण समोर बसलो तर तू माझ्या आधी बोलशील.

लोक आयुष्यभर माझ्याशी तुझ्याकडं बघून बोलले. आता फोनकडं बघून बोलतात. तेही काही फार चांगलं नाही. माझ्या तोंडाकडं बघून बोललेलं एकच माणूस मला आठवतं. गेल्या वर्षी मे महिन्यात अंबडहून आलेली सुमेधा. तिला तिच्या मामांनी आणलं होतं. पायानं अधू आहे, शिवणकाम करून राहते, मुलालाही शरीराची अडचण आहे, दोघं एकमेकांना समजून घेतील, असं मामा म्हणाले होते. मग त्यांनी विचारलं, मुलाचं काय म्हणणं आहे? मी सांगितलं. तू मामांना काय सांगितलंस ते तुला आठवतं. मलाही आठवतं.

त्या दिवशी अक्षता सुट्टीला आली होती. माझा आवाज गोळा करायला तिचा फोन खिडकीत चालू होता. ते रेकॉर्डिंग तिच्याकडं आहे. सर म्हणतात, मशीन शिकलं आहे, आता जुन्या रेकॉर्डिंगवर चालवून बघा.

चालवू का, आक्का? तुला विचारतो, कारण तू मला विचारलं नव्हतंस.

राजा


आष्टी
७ सप्टेंबर

राजा,

पिनेचं मला म्हाईत नव्हतं. पिन म्हाईत असती तर मी असं केलं नसतं. पाठीला हळद लावा. मीनाला म्हणावं, पिन लावायचीच कशाला, गुंडी टाकता येत न्हाई का? माह्या घरात तुह्या अंगाला कधी पिन लावली न्हाई मी.

बाकी तुला जे चालवायचं ते चालव. मी कुणाला भेत न्हाई. मे महिन्यात उन्हानं माणसाचं डोकं फिरलेलं असतं, कुणाला काय ऐकू येतं आन कुणाला काय. पाहुणे आले, बसले, चहा पिले, गेले. जमलं न्हाई. कितीजणांचं जमत न्हाई.

आन त्या बाईचं काय घेऊन बसलास? अर्धा तास बसली ती. अर्ध्या तासात तिला काय कळणार तू कोण हायेस ते? तुला भात गिळता येत न्हाई, मऊ पाहिजे, हे तिला म्हाईत हाये का? ढग गरजले का तुहं अंग ताठतं, हे म्हाईत हाये? तुह्याकडं बघून बोलली म्हणं. बघायला काय लागतं? डोळे सगळ्यांना असतात.

अक्षताला म्हणावं, अभ्यास कर. घरातल्या माणसांवर मशीन चालवू नको.

चांगुणा


जालना
१४ सप्टेंबर

प्रिय आत्या,

जय भीम. हे पत्र मी हातानं लिहितेय, म्हणजे तुला वाटायला नको की मशीननं काही घुसवलं.

तू "चालव" लिहिलंस ते मी वाचलं, आणि "चालवू नको" लिहिलंस तेही वाचलं. काकांना विचारलं. काका म्हणाले, चालव. तर काल संध्याकाळी आम्ही दोघं बसलो आणि ते रेकॉर्डिंग लावलं. त्यात आहे ते जसंच्या तसं उतरवते. काकांचं मशीननं लिहिलेलं आहे. बाकीच्यांचं मी ऐकून लिहिलं.

पाहुणे मामा: मुलाचं काय म्हणणं आहे?

काका: हो. मला पसंत आहे. पण तिला विचारा, मी पसंत आहे का.

(इथं भांडं पडल्याचा मोठा आवाज आहे. काका त्यातही बोलतायत, पण पाच-सहा शब्द मशीनला लागले नाहीत.)

काका: हे आधी सांगतो.

तू: म्हणतो, लग्नाचा विचार न्हाई. आक्का हाये मला, म्हणतो.

काका: नाही. नाही. मी हो म्हणालो. हो.

तू: दमला आता. घ्या, चहा घ्या.

आत्या, मीही तिथं होते. चहा मीच दिला. काका जोरजोरात काहीतरी म्हणत होते आणि मी त्यांच्याकडं बघून हसले, कारण लहान मूल चिडलं की आपण हसतो ना, तसं. मला तेव्हा काका कळायचे नाहीत. तू सांगशील तेच काका. याचं मला आज फार वाईट वाटतंय. तुला तर सगळं कळत होतं.

मधले शब्द कोणते, असं मी काकांना विचारलं. त्यांनी सांगितलं नाही. म्हणाले, आक्काला माहीत आहे.

खाली त्यांचं पत्र छापून चिकटवलंय. एवढंच बोलले ते.

तुझी
अक्षता

आक्का, मशीन बाजूला ठेव. रेकॉर्डिंग बाजूला ठेव. तुला त्या दिवशी काय ऐकू आलं ते तुझ्या हातानं लिही. राजा.


आष्टी
रविवार, २८ सप्टेंबर

राजा,

गेल्या रविवारी मी भुजंगभाऊला मोकळ्या हातानं पाठवलं. "पत्र न्हाई का चांगुणाबाई?" म्हणला. मी म्हणलं, हात दुखतो. हात दुखत नव्हता. चार दिवस कागद समोर घेऊन बसत होते. पावसानं सोयाबीन सडून राह्यलं, माणसं शेतातलं पाणी काढून राह्यले, आन मी चौथी शिकलेली बाई कागद घेऊन. शेजारची साळूबाई म्हणली, "नोकरीचा अर्ज लिहून राह्यलीस का?"

तर लिही म्हणलास. घे. मला ऐकू आलं ते असं.

व्हय. मला पसंत हाये. पण तिला विचारा, मी पसंत हाये का. आन आक्का माह्याजवळच राहणार, तिला कुठं जाऊ देणार न्हाई. हे आधी सांगतो.

सगळं ऐकू आलं. एक शब्द सुटला न्हाई. भांडं पडलं ते माह्याच हातातून पडलं, त्या शब्दांनी. तुह्या मशीनला जे लागलं न्हाई ते मला लागलं, आन दीड वर्ष माह्यापाशी हाये. कपडे धुताना आठवतं, भाकर करताना आठवतं. तुमचा गडी सतराशे वाक्यं शिकला. मला हे एक पाठ हाये.

आता म्हणशील, मी आक्काला जवळ ठेवतो म्हणलो, तरी आक्कानं न्हाई काहून सांगितलं? तेच तर. बाई दारात चप्पल काढून बसलेली, चहाबी प्याली न्हाई, आन तू मला राहायला जागा देऊन मोकळा! तू मला ठेवणार? मी तुला ठेवलं होतं. घर माहं, चूल माही, तू माहा. एका दमात सगळं फिरलं. मला एकदम अशी दिसली मी, कोपऱ्यात बसून तुमच्या दोघांचं ऐकणारी. ती तुह्याकडं बघून बोलत होती. तू तिच्याकडं बघून बोलत होतास. मधी मी कशाला बसल्ते तेच मला समजंना. तर तोंडातून न्हाई निघालं. निघालं ते निघालं. मंग तू ओरडायला लागलास, तवा मला मागं घेता आलं असतं. मी चहा पुढं केला.

आणखी एक लिहिते. हे कुणाला म्हाईत न्हाई. रामकिसनला बी न्हाई. मी सगळ्या गावाला सांगितलं, भावासाठी सासर सोडून आले. लोकांनी माही तारीफ केली. विहारात माहं नाव घेतलं. ते खोटं हाये. नवऱ्यानं दुसरी आणली आन मला एका पिशवीसंगं गाडीत बसवून दिलं. मला कुठंतरी जायचं होतं, आन तू होतास. तुह्यामुळं मी या गावात कुणीतरी झाले. टाकलेल्या बाईच्या दारात कोण येतं? पण राजा काय म्हणतो हे विचारायला यावंच लागायचं. तुला तोंड नव्हतं म्हणून मला इज्जत होती. आता तुला तोंड आलं.

असो. रडून राह्यले असं समजू नको. चुलीचा धूर हाये.

मंगळवारी मी अंबडला गेले. सुमेधाकडं. विचारत विचारत गेले, सापडली. एक खोली, खोलीभर शाळेचे गणवेश, मधी ती मशीनवर बसलेली. मी दारातून म्हणलं, जय भीम. तिनं बघितलं न बघितलं केलं. म्हणली, "राजानंदरावांच्या आक्का ना तुम्ही? बसा. कापडावर बसू नका."

मी बसले न्हाई. उभ्यानंच म्हणलं, "त्या दिवशी राजा व्हय म्हणला होता. मी न्हाई सांगितलं."

तिनं मशीन थांबवलं न्हाई. एक शिवण पूर्ण केली, दोरा तोडला, आन म्हणली, "म्हाईत हाये."

"कसं म्हाईत?"

"समोरच तर बसल्ते. व्हय म्हणायला किती जीभ लागती? मामाला तुमचं ऐकू आलं. मला त्यांचं."

राजा, तुला खरं सांगते. त्या फोनचा मला जेवढा राग आल्ता ना, त्याच्या दुप्पट हिचा आला. मला तू कळायला माहं अख्खं लहानपण गेलं. फोनला दोन महिने लागले. आन ही अर्ध्या तासात, चहाच्या आधी! मी म्हणलं, "कळलं होतं तर बोलली काहून न्हाईस तवा?"

म्हणली, "तुमच्या घरात बसून तुम्हाला लबाड म्हणू? मामा उठले. मला पायामुळं उठायला येळ लागतो. मी उठस्तोवर राजानंदराव मागून परत म्हणले, व्हय. मी ऐकलं. मी मान बी हलवली. तुम्ही चहाच्या कपांत होता."

तू बघितली व्हतीस का तिची मान? बघितली असशील. म्हणूनच इतके दिवस डोक्यात घेऊन बसलास. मी न्हाई बघितली.

मी म्हणलं, "मंग आता काय म्हणतीस? मी राजाला सांगते."

त्याच्यावर ती हसली. चांगली मोठ्यानं हसली. "तुमच्या हाती निरोप? दिला होता एकानं, काय झालं त्याचं? न्हाई बाई. आश्विन पौर्णिमेला मी आष्टीच्या विहारात येते, वर्षावासाच्या समाप्तीला. त्यांना यायचं असंल तर येऊ द्या. फोन आणू द्या का न आणू द्या, मला फरक न्हाई. फकत तुम्ही मधी बसायचं न्हाई."

"मंग मी कुठं बसू?"

"बायांत बसा. खीर वाढा."

चहा केला तिनं. चांगला केला. साखर जास्त होती, पण चांगला केला. निघताना म्हणते, "आक्का, ते भात खातात का भाकर?" मी म्हणलं, तेबी त्यालाच विचार. आन दोन पावलं गेले आन परत फिरून सांगितलं, भाकर, चुरून, दुधात. भात नको, ठसका लागतो. मला राहवलं न्हाई. ते मधी बसणं झालं का न्हाई, तू ठरव.

आता तुही पाळी. पौर्णिमा सोमवारी हाये. येतो का न्हाई ते मला गुरुवारपर्यंत पाहिजे. गुरुवारी अशोक विजयादशमी, रामकिसनला सुट्टी असंल, त्याला म्हणावं माह्या नंबरवर लाव. मी बोलणार न्हाई म्हणल्ते, आता बोलते. पण तुहं मशीन बंद करायचं. मीनाजवळ ठेवायला दे. पिठात न्हाई, हातात. आन तुह्या तोंडानं बोल. त्या गड्याचा आवाज मला नको. मला तुहा पाहिजे. बिलकुल समजला न्हाई तर मी म्हणीन, समजला न्हाई, परत म्हण. आपल्या मनानं एक शब्द भरणार न्हाई.

येतो म्हणलास तर येतो. न्हाई म्हणलास तर न्हाई. शुक्रवारी सकाळच्या गाडीनं मी अंबडला जाईन आन जे तू म्हणलास तेच तिच्या दारात उभं राहून सांगीन. मधी बसू नको म्हणली ती. पण हा एक निरोप तेवढा मला नेऊ दे.

गुरुवार, सांजेपर्यंत. बटनाचा फोन पदरात बांधून ठेवते.

चांगुणा